विसरलेला प्रयोग

डब्यांवर, बाटल्यांवर 'बीपीए-फ्री' असं छापलेलं तुम्हीही पाहिलं असेल. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए. हे शरीरात गेलं की स्त्री-संप्रेरकासारखं वागतं, हे अलीकडे कधीतरी कळलं असावं असं आपण धरून चालतो. मी जरा मागे शोधत गेलो तर प्रकरण उलटंच निघालं.

लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स नावाचे शास्त्रज्ञ कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते. अंडाशय काढलेल्या उंदरिणींना एकेक रसायन द्यायचं आणि परिणाम बघायचा, असा उद्योग. १९३६ साली या यादीत बिस्फेनॉल-ए होतं, आणि ते इस्ट्रोजेनसारखं काम करतं असं दिसलंही! पण जोर कमी. १९३८ मध्ये त्यांना डीईएस हे कितीतरी प्रभावी रसायन मिळालं आणि बिस्फेनॉल मागे पडलं. (डीईएस पुढे गर्भवतींना औषध म्हणून दिलं गेलं, आणि १९७१ साली त्यांच्या मुलींमध्ये दुर्मीळ कर्करोग आढळला. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

१९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी बिस्फेनॉलपासून पॉलिकार्बोनेट तयार झालं. काचेसारखं स्वच्छ, आणि पडलं तरी फुटत नाही. मग काय, बाळांच्या दुधाच्या बाटल्या, पाण्याचे जार, सगळं त्याचंच. पत्र्याच्या डबाबंद अन्नाला आतून इपॉक्सीचा थर देतात, त्यातही हेच. डॉड्सचा प्रयोग छापील स्वरूपात उपलब्ध होता, पण प्लास्टिक करणारे एकीकडे आणि संप्रेरकवाले दुसरीकडे.

पॉलिकार्बोनेटमध्ये बिस्फेनॉलचे रेणू साखळीसारखे जोडलेले असतात. उष्णता, आम्ल किंवा अल्कली मिळाली की पाणी या कड्या सोडवतं आणि सुटा रेणू अन्नात उतरतो. म्हणजे बाळाची बाटली खळखळ उकळून घ्यायची, ही घरोघरची काळजीच इथे नडते!

हे कळलं तेही अपघातानं. १९९३ साली स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड फेल्डमन यांचा गट यीस्टमध्ये इस्ट्रोजेन शोधत होता. सापडलंही. पण ते यीस्टमधून नव्हे, वाफेनं निर्जंतुक केलेल्या प्लास्टिकच्या फ्लास्कमधून आलं होतं. १९९८ मध्ये ओहायोत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत निरोगी उंदरिणींच्या बीजांडांमधल्या गुणसूत्रांचे दोष एकदम वाढले. एक-दोन टक्क्यांवरून चाळीस टक्के! कारण काय, तर पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या साबणानं धुतल्या गेल्या होत्या. प्लास्टिक झिजून बिस्फेनॉल सुटलं होतं. हंट यांनी खात्री करून घ्यायला काही वर्षं घेतली आणि २००३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. बिघडलेला प्रयोग फेकून देणं किती सोपं होतं!

पुढे २००८ मध्ये कॅनडानं बाळांच्या बाटल्यांवर बंदी जाहीर केली, २०११ मध्ये युरोपनं घातली. आपल्याकडे २०१५ साली भारतीय मानकात या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेटला मनाई झाली. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं रोज किती बीपीए पोटात गेलेलं चालेल ती मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली.

दरम्यान कारखानदारांनी बिस्फेनॉल-एस वगैरे भावंडं वापरायला काढली, आणि डब्यांवर 'फ्री'चे शिक्के बसले. हंट यांच्या प्रयोगशाळेनंही पिंजरे बदलले होते. २०१८ साली त्यांनी पुन्हा एक शोधनिबंध छापला: नवे पिंजरेही खराब झाले होते, आणि या वेळी बिस्फेनॉल-एस सुटत होतं.