सकळ लिपी ते फ्लॉपी : मराठी प्रतींचा एक इतिहास

हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक जो मजकूर जोडत असे, त्यातील शकाच्या आकड्यापलीकडे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. त्या आकड्याच्या आसपास पुष्कळदा एक विनवणी असते : पोथीला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपावे आणि अडाण्याच्या हाती ती देऊ नये. पोथी गेली तर पुन्हा लिहिण्यास किती महिने लागतील हे त्या लेखनिकाच्या मानेला आणि बोटांना पक्के ठाऊक होते. आज घरोघरी आणि लहान लहान छापखान्यांत, प्रकाशकांच्या कचेऱ्यांत लेखन संगणकावर साठते. त्याची राखीव नक्कल करून ठेवण्याला आपण ‘बॅकअप’ म्हणतो आणि ती जणू काल-परवाची, यंत्रज्ञांच्या मुलखातली गोष्ट आहे असे मानतो. मराठीत तिला ‘प्रत’ हा जुना, चांगला शब्द आहे. (हाच शब्द दर्जा या अर्थानेही चालतो, हे सूचक म्हणावे लागेल.) प्रत कशी हरवते, कशी बिघडते, आणि हाती असूनही कशी निरुपयोगी ठरते, याचे तिन्ही धडे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मिळतात. त्यांतला तिसरा आजच्या घडीला सर्वांत निकडीचा आहे, असे मला वाटते.

पहिला धडा आपण पदवीच्या वर्गात शिकवतोच. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या आठवणी ऐकून, ज्यांच्यासमोर प्रसंग घडले त्या माणसांकडे हिंडून आणि शहानिशा करून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, देवगिरीवर आलेल्या खिलजी फौजांच्या धामधुमीत, म्हणजे महानुभाव परंपरा जिला ‘खालशाची धाड’ म्हणते त्या काळात, मूळ पोथी नाहीशी झाली. ग्रंथ उरला तो माणसांच्या स्मरणात. हिराइसा, कवीश्वरबास, परशरामबास यांच्या पाठांतरावरून आणि आठवणींवरून तो पुन्हा लिहिला गेला. साहजिकच एक पाठ दुसऱ्याशी तंतोतंत जुळेना. लीळांचा क्रम हलला, वाक्ये कमी-जास्त झाली. आज आपण ज्याला लीळाचरित्र म्हणून वाचतो ते या पुनर्लेखनातून आलेले आहे. वि. भि. कोलते यांची १९७८ सालची आवृत्ती असो वा त्याआधीची शं. गो. तुळपुळे यांची, संपादकाचे निम्मे श्रम या पाठांच्या गुंत्यातच खर्ची पडले आहेत. स्मरणाची प्रत होती म्हणून ग्रंथ वाचला हे खरे. पण ती मूळ पोथी जवळ असताना कोणी पोथीशी ताडून पाहिलेली नव्हती. संगणकावरच्या राखीव प्रतींचीही हीच कथा असते. बाहेरची हार्ड डिस्क घेतली जाते, तिच्यात दर महिन्याला नक्कल होते, आणि ती नक्कल उघडते की नाही याची पहिली परीक्षा मूळ डिस्क बंद पडलेल्या दिवशीच घेतली जाते.

दुसरा धडा ज्ञानेश्वरीचा. १२९० साली रचलेल्या या ग्रंथाच्या प्रती इतक्या झाल्या की हरवण्याचे भय उरले नाही, आणि तेथूनच वेगळे भय सुरू झाले. लेखनिकांच्या नजरचुकी, सुधारणा करण्याची हौस, मध्येच घुसवलेल्या ओव्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी मिसळू नये असा कडक इशाराही दिला. त्यांना हे करता आले ते एका साध्या कारणाने : एका प्रतीत चूक शिरली म्हणून दुसऱ्या गावची प्रत आपोआप बदलत नव्हती.

हा मुद्दा किरकोळ नाही. हल्ली इंटरनेटवरच्या साठवणीच्या सोयीत घरच्या संगणकावरील फोल्डर दूरच्या यंत्रावर जसेच्या तसे उमटत राहते, आणि अनेकांना हाच बॅकअप वाटतो. पण इकडे प्रकरण चुकून पुसले तर तिकडेही पुसले जाते. इकडे फाइल बिघडली तर बिघडलेलीच फाइल तिकडे चांगलीच्या जागी जाऊन बसते. अशा सोयींत पुसलेली वा जुनी फाइल काही दिवस मागे राहते हे खरे, पण त्या मुदतीत चूक लक्षात आली पाहिजे. तो आरसा आहे, प्रत नव्हे. प्रत म्हणजे एका विशिष्ट दिवशीचा, नंतर न बदलणारा पाठ. तारीख घालून ठेवलेल्या जुन्या प्रती हेच पाठचिकित्सेचे भांडवल असते, मग ती चिकित्सा पैठणात चालो वा आपल्या लिहिण्याच्या टेबलावर.

स्थळाविषयी फार लिहावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याने, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईने, तळमजल्यावर काय काय ठेवू नये हे पाहिले. संगणक आणि त्याच्या सीड्या एकाच टेबलाच्या खणात असतील तर पाणी दोन्हींचा हिशेब एकदमच करते. भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासून उभी राहिली. ती हस्तलिखिते काश्मीरच्या शारदेपासून केरळच्या मलयाळम लिपीपर्यंत देशभर विखुरलेली होती, म्हणूनच शतकानुशतकांच्या आगी, पूर आणि वाळवी यांतून ती पुरेशा संख्येने उरली. त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमाव चालून गेला आणि ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. अशा प्रसंगी ‘दुसरी प्रत कोठे आहे?’ या प्रश्नावाचून दुसरा प्रश्नच उरत नाही. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी छायाचित्रांच्या जतनासाठी रूढ केलेले ‘तीन-दोन-एक’ हे सूत्र (प्रती तीन, माध्यमे दोन, त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी) आज सर्वत्र सांगितले जाते. इंद्रायणीच्या काठी आणि वारकऱ्यांच्या कंठी असलेल्या अभंगांना ते निराळे शिकवावे लागले नव्हते.

आता तिसरा धडा. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिण्यास आरंभ केला. अक्षरांची ठरावीक अदलाबदल आणि काही सांकेतिक चिन्हे, असे तिचे स्वरूप. अशा आणखीही सांकेतिक लिप्या पंथात होत्या. हेतू पावित्र्य राखण्याचा की परकीयांपासून रक्षणाचा, यावर मतभेद आहेत. परिणामाविषयी नाहीत. पोथ्या मठांतून सुरक्षित होत्या, त्यांच्या नकलाही होत होत्या, आणि तरी पाच शतकांहून अधिक काळ पंथाबाहेरच्या मराठी वाचकाच्या लेखी हे अपूर्व गद्य अस्तित्वातच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या खटपटीने लिपीचा उलगडा झाला आणि मराठी गद्याचा इतिहास काही शतके मागे गेला. पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. किल्ली कधी हरवलीच नव्हती. मठांतील महंत त्या पोथ्या वाचू शकत होते.

संगणकावरची मराठी जेव्हा सुरू झाली तेव्हा तिनेही, कोणाचा गुप्ततेचा हेतू नसताना, एक नव्हे अनेक सकळ लिप्या निर्माण केल्या. इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाणित संकेतन १९८८ आणि १९९१ साली ठरले होते. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली तीही १९९१ पासून. पण घराघरांत असलेल्या ‘विंडोज ९५’ आणि ‘९८’ यांना युनिकोडातली देवनागरी दाखवता येत नव्हती. ती सोय ‘विंडोज २०००’ पासून आली. तोवर डीटीपीच्या दुकानांना थांबणे शक्य नव्हते. दिवाळी अंक वेळेवर निघायला हवे होते. म्हणून श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणाल्यांनी व्यवहारी तोडगा काढला. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले : एका घरात काना, एकात पहिली वेलांटी, एकात अर्धा त, एकात रफार. पडद्यावर आणि कागदावर सुरेख मराठी दिसे. फाइलमध्ये मात्र मराठीचा मागमूस नसे. तेथे असत त्या रोमन घरांचे क्रमांक. कोणत्या घरात कोणता तुकडा हे प्रत्येक प्रणालीचे वेगळे, कधी एकाच प्रणालीच्या दोन आवृत्त्यांचेही वेगळे. फॉन्ट काढून घ्या, आणि कादंबरीच्या जागी रोमन अक्षरे, स्वरचिन्हे आणि चौकोन यांची रांग उभी राहते.

त्या तोडग्याला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याच्यामुळेच खिळ्यांचे छापखाने बंद पडण्याच्या काळात मराठी प्रकाशन तगले. तक्रार आहे ती आपण नंतर जे केले नाही त्याविषयी. नव्वदीचे दशक आणि त्यापुढची कित्येक वर्षे मराठीत जे लिहिले गेले, कथा, प्रबंध, नियतकालिके, कुणाच्या वडिलांचे आत्मवृत्त, त्याचा मोठा भाग या घरांच्या क्रमांकांत अडकून आहे. तो १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर, मग सीडींवर उतरवला गेला. सोनीने फ्लॉपीची विक्री २०११ साली थांबवली. नव्या लॅपटॉपना सीडीचे तोंडही नसते.

एका लहान प्रकाशकांकडे मी अशा सीड्यांचा गठ्ठा पाहिला आहे. गृहस्थ टापटिपीचे. प्रत्येक पुस्तकाच्या तीन सीड्या : एक कचेरीत, एक घरी, एक मुलीकडे दुसऱ्या गावी. तीन-दोन-एकच्या जवळपास पोहोचलेले हे शहाणपण त्यांना कोणी शिकवले नव्हते. सीड्या चालतात. फाइली पेजमेकरच्या, तेही अजून एका जुन्या संगणकावर उघडते. पण ज्या दुकानात जुळणी झाली ते केव्हाच बंद झाले, आणि जो फॉन्ट वापरला त्याची नेमकी आवृत्ती कोणाजवळ नाही. तीन गावी तीन सुरक्षित प्रती, आणि तिन्ही मुक्या. महंत नसलेल्या सकळ पोथ्या.

उपाय नाही असे नाही. ज्ञात फॉन्टांची घरे युनिकोडात बदलून देणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, आणि फॉन्ट अज्ञात असला तरी छापील पान समोर ठेवून घरे ताडता येतात. राजवाडे-भाव्यांच्या पिढीने केले ते याहून अवघड होते. जुन्या फाइलीशेजारी तिचा फॉन्ट ठेवला, प्रणालीचे नाव एका कागदावर लिहिले, मजकुराची साधी युनिकोड प्रत आणि पानांची पीडीएफ केली, तर पुढचा वाचक अडत नाही. नुसत्या पीडीएफवर विसंबता येत नाही. तिच्यात पान दिसते, पण जुन्या फॉन्टचे असेल तर शब्द शोधता येत नाही, उतरवून घेतला तर पुन्हा तीच रोमन रांग. या साऱ्यांतली एक प्रत तरी संगणकापासून सोडवून ठेवावी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या फाइलींना खंडणीसाठी कुलपे घातली, तेव्हा जोडलेल्या डिस्काही त्यात सापडल्या. ती परक्याने आपल्या पोथीवर लादलेली सकळ लिपीच होती, आणि किल्लीला भाव होता.

परिवर्तनाचे काम यंत्र करते, पण संपवत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडात ती नंतर येते. रफार जुन्यात अक्षरापुढे, नव्यात मागे. परिवर्तक येथे अडखळतो. ‘सुऱ्या’च्या ‘सुर्या’ होतात, जोडाक्षरे सुटतात, अवतरणचिन्हे अक्षरे होऊन बसतात. छापील प्रत डावीकडे, परिवर्तित पाठ उजवीकडे ठेवून ओळ न् ओळ ताडणारा माणूस लागतो, आणि तो पाठभेद म्हणजे काय हे जाणणारा हवा. त्या प्रकाशकांच्या एका कादंबरीचे काम आता असे चालू आहे. फॉन्ट अखेर सापडला नाही, म्हणून घरे पानांवरून ताडली. एम. ए. भाग दोनचे दोन विद्यार्थी रोज दहा पाने तपासतात. पृष्ठ ११२ वर छापील पुस्तकातच एक परिच्छेद दोनदा आला आहे आणि फाइलीत तो एकदाच आहे. तळटीप द्यावी की नाही, यावर त्यांचा वाद अद्याप मिटलेला नाही.