दमणगंगेच्या काठची सनद

सुरतेच्या लिंबायत भागात धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमागांवर आणि रंगाईच्या गिरण्यांत पोट भरावयास आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. सुट्टीत मुलांना एखादे ऐतिहासिक स्थळ दाखवावे असे मनात आले म्हणजे त्यांची दृष्टी रायगडाकडे नाहीतर सिंहगडाकडे वळते. ते स्वाभाविकच आहे. परंतु उधन्याला गाडीत बसून वापीस उतरले आणि सिल्वासाचा रस्ता धरला, तर मराठी तरुण १९५४ साली जेथे हाती शस्त्र घेऊन लढले ती भूमी लागते. एका दिवसात जाऊन परत येता येईल इतकी ती जवळ आहे.

वाटेत प्रथम दादरा लागते. तेथे तट नाही, बुरूज नाही. दिसतात ते कारखाने. बरोबरची मुले थोडी हिरमुसतात आणि "बाबा, किल्ला कुठे आहे?" असे विचारतात. त्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर बापाला पेशवाईपर्यंत मागे जावे लागते.

मराठी आरमाराने पोर्तुगिजांचे एक जहाज घेतले, त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहान्वये नगरहवेलीतील गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल पेशव्यांनी त्यांना लावून दिला. १७८३ आणि १७८५ साली त्याप्रमाणे सनदा झाल्या. दिला होता तो वसूल, राज्य नव्हे. पण पेशवाई बुडाली, इंग्रजांनी पोर्तुगिजांचा अंमल मुकाट्याने मान्य केला आणि सरंजामाचे राज्य झाले. १९४७ साली इंग्रज गेले, तरी चोहोंकडून भारताने वेढलेल्या या गावांवर पोर्तुगिजांचे निशाण फडकतच राहिले.

२१ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली गोव्याचे काही तरुण दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चालून गेले. झटापटीत आनिसेतो दु रोझारिओ हा फौजदार मारला गेला. पोर्तुगालने त्याचा मरणोत्तर गौरव केला. एकाच चकमकीतून दोन देशांना आपापले वीर मिळावेत, हे इतिहासात नवीन नाही. मुलांना मात्र दोन्ही बाजू सांगाव्यात.

जुलैच्या अखेरीस नरोली गेली. २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला. या मोहिमेत आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांचे स्वयंसेवक होते. वारल्यांमध्ये काम करणारे परुळेकरांचे कम्युनिस्ट कार्यकर्तेही वेगळ्या दिशेने झुंजत होते. राजा वाकणकरांबरोबर गेलेल्यांत संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि पुढे कोशकार म्हणून नावाजलेले विश्वनाथ नरवणे होते. मोहिमेसाठी पैसा उभा करण्यास पुण्यात लता मंगेशकरांचा गायनाचा कार्यक्रम झाला. गाण्याच्या तिकिटावर मिळालेल्या पैशांतून मुक्तिसंग्राम उभा राहतो, ही गोष्ट घरातल्या आजीलाही ऐकावयास आवडेल. कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह दक्षिणेस खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला शरण आला.

खरा वाद त्यानंतर पेटला, आणि तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात दावा लावला. न्यायासनावर भारताच्या वतीने न्यायमूर्ती छागला बसले होते. अठराव्या शतकातील मराठी कागदांचा अर्थ युरोपातील न्यायाधीशांपुढे लावला गेला आणि मराठ्यांनी दिले ते केवळ जहागीर-सरंजामाचे हक्क होते, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने मानले. मोडीतल्या एखाद्या शब्दाचे मोल किती, हे शाळेत सांगून कळत नाही, येथे कळते. मात्र तेवढ्याने दावा निकालात निघाला नाही. पुढे इंग्रजी अमदानीत सार्वभौमत्व मान्य झाले होते, हेही न्यायालयाने नमूद केले. १२ एप्रिल १९६० च्या निकालाप्रमाणे पोर्तुगालला खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क होता, सैन्य नेण्याचा नव्हता. सैन्याबाबतचा कौल आठ विरुद्ध सात मतांचा होता. भारताने कर्तव्यभंग केलेला नाही, हेही न्यायालयाने सांगितले. तोवर वरिष्ठ पंचायत हा मुलूख सांभाळीत होती. ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो भारतात विलीन झाला.

सिल्वासाला १८९७ सालचे चर्च अजून उभे आहे. राज्य गेले तरी तेथे घंटा वाजते. ते पाहून खानवेलच्या रस्त्याला लागावे. दोन्ही अंगांनी वारली, कोकणा, धोडिया यांचे पाडे लागतात. ज्या जमिनीच्या वसुलावरून एवढा इतिहास घडला, ती कसणारे हेच लोक. त्यांच्यासाठी जमीनसुधारणेचा कायदा झाला तो १९७१ साली, तिरंगा चढल्यानंतर सतरा वर्षांनी.