हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कोणत्या क्रमानें वाचाव्या?



कल्याणचें सार्वजनिक वाचनालय 1864 सालीं स्थापन झालें, आणि त्याच सालीं मार्च महिन्यांत खानदेशांतील पारोळें येथें हरि नारायण आपटे यांचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग होय. त्यांतून सिद्धान्त काढण्याचा माझा विचार नाहीं. परंतु ठाणें व कल्याण या भागांत मास्तरकी करीत असतां एक प्रश्न मजपुढें वारंवार येई. “गुरुजी, हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपैकीं आधीं कोणती वाचूं?” प्रश्न दिसण्यांत सोपा आहे. मीं मात्र त्याचें उत्तर बरींच वर्षें चुकीचें दिलें.

माझें उत्तर सनावळीचें असे. ‘उषःकाला’त शिवाजी महाराजांच्या उद्योगाचा आरंभ आहे, तेव्हां तें पहिलें. ‘सूर्योदया’त अफझलखानाचें प्रकरण, म्हणजे 1659 साल, तें दुसरें. त्यापुढच्या संकटकाळाचें ‘सूर्यग्रहण’ तिसरें. सिंहगडचा रणसंग्राम 1670 च्या फेब्रुवारींतला, म्हणून ‘गड आला पण सिंह गेला’ चौथें. आणि राजाराम महाराजांच्या काळाचें ‘केवळ स्वराज्यासाठीं’ शेवटीं. हा क्रम मीं एका तक्त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहून वर्गाच्या भिंतीवर लाविला होता, व त्याचा मला थोडा अभिमानहि वाटे.

आतां हरिभाऊंनीं स्वतः हीं पुस्तकें कोणत्या क्रमानें लिहिलीं तें पाहा. ‘उषःकाल’ 1895 ते 1897 या काळांत आलें. त्यामागून त्यांनीं सूर्योदयाकडे न वळतां एकदम पुढें उडी घेऊन ‘केवळ स्वराज्यासाठीं’ लिहिलें. नंतर ते राजपुतान्यांत गेले व ‘रूपनगरची राजकन्या’ झाली. पुढें मगध देशीं जाऊन ‘चंद्रगुप्त’ झाला. सिंहगडची कथा 1903 सालची, आणि ‘सूर्योदय’ तिच्याहि मागून, 1905 सालीं. म्हणजे तानाजीचें मरण लिहून झाल्यावर लेखक अफझलखानाकडे परत आला! ‘सूर्यग्रहण’ 1908 सालीं सुरू झालें व अपुरेंच राहिलें.

हें असें कां झालें याचें एक कारण ‘करमणूक’ या साप्ताहिकांत सांपडतें. हरिभाऊंनीं तें 1890 सालीं काढिलें आणि त्यांत आठवड्यागणिक एकेक प्रकरण छापीत ते कादंबऱ्या पुऱ्या करीत. अंक भरावयाचा, वाचकाची उत्कंठा टिकवावयाची, आणि त्याच वेळीं सामाजिक कथाहि चालवावयाची, अशी ती ओढाताण होती. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालीं उघडलें, त्या सुमारास ‘करमणूक’ वाचणाऱ्यास क्रमाची निवड नव्हतीच. अंक हातीं पडेल तें वाचावें आणि पुढच्या आठवड्याची वाट पाहावी. क्रमाचा घोळ बांधीव पुस्तकें फळीवर शेजारीं शेजारीं उभीं राहिल्यावर उत्पन्न झाला.

परदेशांतहि हा वाद झालेला आहे. इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांनीं 1950 ते 1956 या वर्षांत नार्निया नामक अद्भुत देशाच्या सात कथा मुलांसाठीं लिहिल्या. त्या देशाची उत्पत्ति सांगणारी कथा मात्र 1955 सालीं, सहाव्या क्रमांकानें निघाली. एका अमेरिकन मुलाचें म्हणणें, घटनांच्या क्रमानें वाचावें. त्याच्या आईचें म्हणणें, प्रसिद्धीच्या क्रमानें. लुईससाहेबांनीं 1957 सालीं पत्र लिहून मुलाची बाजू घेतली. पण क्रमाचें फारसें महत्त्व नसावें असेंहि पुस्ती जोडून सांगितलें. पुढें प्रकाशकांनीं घटनाक्रमानेंच आंकडे घातले. लेखकाचा मान राखून म्हणतों, मला हें पटत नाहीं. पहिल्या छापील कथेंत बर्फाळ रानाच्या मध्यावर एक रस्त्यावरचा दिवा जळतांना त्या मुलीला दिसतो. तो तेथें कोठून आला, हें उत्पत्तिकथेंत कळतें. तें आधींच वाचलेल्या मुलाला त्या दिव्याचें नवल काय वाटणार?

आमच्या सिंहगडाचें असेंच आहे. तो किल्ला स्वराज्याचा होता, तर पुन्हा जिंकावा कां लागला, हें कोवळ्या वाचकानें विचारलें पाहिजे. विचारलें म्हणजे 1665 सालच्या पुरंदरच्या तहाचें, मिर्झा राजे जयसिंगांचें व मोंगलांस दिलेल्या 23 किल्ल्यांचें उत्तर त्याच्या मनांत घट्ट बसतें. विचारण्यापूर्वींच दिलेलें उत्तर परीक्षेपुरतें टिकतें. कल्याणचीं मुलें मीं दुर्गाडीवर नेत असें. तेथें खाडीकडे पाहून “हें महाराजांकडे कधीं आलें?” असें एखादा विचारी, तेव्हां सांगितलेलें 1657 साल तो विसरत नसे, फळ्यावर लिहून दिलेलें सर्वच विसरत. हें दिसत असूनहि मीं तक्ता काढला नाहीं, हें माझें मंदत्व.

तो काढावयास एक विद्यार्थी कारण झाला. बारा-तेरा वर्षांचा, अबोल, पण वाचनाचा हावरा. तक्त्याप्रमाणें त्यानें ‘उषःकाल’ संपविलें. तें जाडजूड पुस्तक संपवावयास त्याला पावसाळा लागला. ‘सूर्योदय’ झपाट्यानें झालें. ‘सूर्यग्रहण’ नेलें आणि चार दिवसांनीं परत आणून माझ्या टेबलावर ठेविलें. “गुरुजी, यांतलीं शेवटचीं पानें फाटलीं आहेत.” पानें फाटलीं नव्हतीं, कथाच तेथें थांबली होती. मीं तसें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं, व त्या वर्षीं त्यानें दुसरें पुस्तक मागितलें नाहीं. तानाजीपर्यंत तो पोंचलाच नाहीं.

त्यानंतर माझा क्रम असा झाला. आरंभ ‘गड आला पण सिंह गेला’ यानें. तें आटोपशीर आहे, आणि उदयभानूच्या तावडींत सांपडलेल्या कमलकुमारीची काळजी मुलांना पहिल्या प्रकरणांपासून लागते. मग ‘उषःकाल’, कारण विजापूरच्या चाकरींत मुरलेला बाप आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा मुलगा यांतील झगडा समजण्यास थोडें वय लागतें. मग ‘सूर्योदय’. ‘रूपनगरची राजकन्या’ मध्येंच केव्हांहि चालेल. औरंगजेबास झिडकारणारी ती मुलगी माझ्या विद्यार्थिनींना तानाजीहून अधिक आवडे, आणि त्यांचें चुकत होतें असें मला वाटत नाहीं. विजयनगरच्या नाशाचें ‘वज्राघात’ मात्र मोठेपणीं वाचावें. ‘म्हैसूरचा वाघ’ हें त्यांचें पहिलें ऐतिहासिक पुस्तक खरें, पण तें मेडोज टेलरसाहेबांच्या कादंबरीवरून घेतलेलें. तेव्हां निव्वळ लेखनक्रमाचाहि आग्रह मी धरीत नाहीं.

‘सूर्यग्रहण’ मुलानें आपण होऊन मागितल्यास द्यावें. आणि देतांनाच तें अपुरें आहे हें सांगून द्यावें. मीं तें सांगितलें नव्हतें.