सीआरपी : एका साक्षीदाराची कुळकथा

२०२० आणि २०२१ ह्या दोन सालांत महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांतून, वैद्यकाशी ज्यांचा एरवी काडीइतकाही संबंध आला नसता अशा माणसांच्याही तोंडी जी काही तपासण्यांची नावे रुळली, त्यांत सीआरपी, डी-डायमर आणि फेरिटिन ही तीन अग्रभागी होती. साथ नवी म्हणून तपासण्याही नव्या, असा समज तेव्हा पुष्कळांचा झाला. वस्तुतः ह्या तिघांत वयाने वडील असलेली सीआरपी, म्हणजे रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाची मोजणी, हिचे मूळ १९३० सालात सापडते; आणि गंमत अशी की, विषाणूच्या आजाराची तीव्रता वर्तविण्याचे काम जिच्याकडे पुढे सोपविण्यात आले, तिचा जन्म विषाणूच्या नव्हे, तर जीवाणूच्या संशोधनातून झाला.

शरीरात कोठे दाह पेटला की त्याची वर्दी रक्तात उमटते, ही जाणीव मात्र त्याहूनही जुनी आहे. शीर उघडून रक्त काढण्याची चाल युरोपात सार्वत्रिक होती त्या काळी, ज्वराने पछाडलेल्या माणसाचे रक्त भांड्यात ठेवले असता त्यातील तांबडा भाग लवकर तळाशी जातो आणि वर फिकट पिवळसर थर उरतो, हे वैद्यांच्या नजरेस वारंवार येत असे. ह्या निरीक्षणाला मोजमापाची शिस्त पुढे विसाव्या शतकात लागली. स्वीडनमध्ये रॉबिन फोरेयस हे १९१८ च्या सुमारास गर्भधारणेची खूण रक्तात सापडते काय, ह्याचा शोध घेत असताना रक्तपेशी खाली बसण्याच्या वेगाकडे वळले, आणि १९२१ साली आल्फ वेस्टरग्रेन ह्यांनी क्षयरोग्यांच्या बाबतीत त्याच वेगाची पद्धतशीर नोंद ठेवली. जुन्या पिढीतील वाचकांना परिचित असलेली ईएसआरची नळी ती हीच. परंतु ही परीक्षा पडली मंदगती : दाह सुरू झाल्यावर ती सावकाश चढते आणि दाह शमल्यावरही कित्येक दिवस उतरत नाही; शिवाय पांडुरोग, गर्भारपण, वाढते वय अशा अनेक गोष्टींनी तिच्यात फरक पडतो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ओसवाल्ड एव्हरी ह्यांच्या प्रयोगशाळेचे सारे लक्ष त्या काळी न्यूमोनियाच्या जंतूवर, म्हणजे न्यूमोकॉकसवर, खिळलेले होते. प्रतिजैविके अद्याप उपलब्ध नव्हती. जंतूचा प्रकार ओळखून त्याला अनुरूप अशी रक्तलस टोचणे हाच काय तो उपाय. त्यामुळे जंतूच्या घटकद्रव्यांची बारकाईने फोड करणे अगत्याचे झाले, आणि त्या खटाटोपात जंतूच्या शरीरातून शर्कराजातीचा एक अंश वेगळा निघाला, त्याला ‘सी’ हे अक्षर मिळाले. १९३० साली विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस ह्यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात हा ‘सी’ अंश मिसळून पाहिला, तेव्हा द्रव गढूळ होऊन साका तळाशी बसला. ह्या साक्याला कारणीभूत होणारे रक्तातील द्रव्य ते हेच. त्याचे नाव त्या अक्षरावरून पडले.

जंतूच्या अंशाशी रक्ताने अशी प्रतिक्रिया द्यावी, ह्यात त्या काळच्या शास्त्रज्ञाला नवल वाटण्याजोगे काही नव्हते. कारण रोगाशी झुंजताना शरीर प्रतिपिंडे निर्माण करते हे सर्वमान्य होते. नवल होते ते ह्या प्रतिक्रियेच्या वेळापत्रकात. प्रतिपिंडे रोग उतरणीला लागण्याच्या सुमारास प्रकट होतात आणि बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात टिकून राहतात. ही प्रतिक्रिया मात्र आजाराच्या भरात ठळक दिसे आणि ताप उतरून रोगी सावरू लागला की नाहीशी होई. म्हणजे हे द्रव्य रोगावरील विजयाचे चिन्ह नसून चालू असलेल्या झगड्याचे चिन्ह होते. पुढे १९३३ साली असेही दिसून आले की, ज्यांचा न्यूमोकॉकसशी सुतराम संबंध नाही अशा अन्य जंतूंच्या रोग्यांतही तीच प्रतिक्रिया मिळते. घरात आग लागली आहे आणि ती एवढी मोठी आहे, इतके शपथेवर सांगणारा, परंतु ती लावली कोणी ह्याविषयी अवाक्षर न काढणारा, असा हा साक्षीदार होता. आणि रोगाचे निदान हवे असलेल्या चिकित्सकाला अशा साक्षीची किंमत प्रथमतः बेताचीच वाटावी, हे स्वाभाविक होय.

तथापि एव्हरींच्या शिष्यमंडळींनी त्याचा पिच्छा सोडला नाही. १९४१ साली हे द्रव्य प्रथिन असल्याचे आणि त्याच्या प्रतिक्रियेला कॅल्शियमची उपस्थिती लागत असल्याचे निश्चित झाले. कॉलिन मॅकलिओड आणि एव्हरी ह्यांनी आजाराच्या तीव्र अवस्थेशी त्याचे नाते जोडले. आणि १९४७ साली मॅक्लिन मॅकार्टी ह्यांनी ते स्फटिकरूपात मिळविले. एव्हरी, मॅकलिओड आणि मॅकार्टी ही त्रयी जगाला आठवते ती १९४४ साली आनुवंशिक गुणांचे वाहक द्रव्य डीएनए असल्याचे दाखविणाऱ्या त्यांच्या निबंधामुळे. त्या कीर्तीच्या छायेत ह्या प्रथिनाची हकीकत झाकली गेली.

१९५० नंतरच्या दशकात संधिज्वर अंगात धुमसत आहे की निवाला, हे ठरविण्यासाठी डॉक्टर ह्या प्रथिनाचा आधार घेऊ लागले, आणि आपल्याकडील प्रयोगशाळांतूनही काचपट्टीवर लॅटेक्सचा थेंब टाकून ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढाच शेरा देणारी परीक्षा दीर्घकाळ चालू राहिली. १९६६ साली हे प्रथिन यकृतात तयार होते हे सिद्ध झाले. कालांतराने त्याची नेमकी मोजणी होऊ लागली, तेव्हा त्याचा खरा गुण ध्यानात आला. निरोगी माणसात ते लिटरमागे दोन-चार मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते. दाह उद्भवल्यावर साधारण ६ तासांत चढू लागते, ४८ तासांच्या सुमारास शिखर गाठते आणि काही प्रसंगी लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्याही पलीकडे जाते. दाह निमाला की सुमारे १९ तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. ईएसआरला जी तत्परता कधी साधली नाही ती येथे होती.

एवढे असूनही विषाणूच्या प्रांतात त्याला फारसे स्थान नव्हते. साध्या विषाणुज्वरात ते बेताचेच वाढते आणि जीवाणूंच्या गंभीर संसर्गात उसळी घेते, म्हणून ह्या दोहोंतील भेद करण्यासाठी, म्हणजे विषाणूचा संशय बळकट करून प्रतिजैविक टाळण्यासाठी, त्याची मदत घेण्याचा प्रघात पडला. विषाणूच्या आजारातही ते कधी भडकते, ह्याचा उलगडा होण्यास त्याला चेतविणारा संदेश सापडावा लागला. जपानातील ओसाका येथे तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो ह्यांच्या गटाने १९८६ साली इंटरल्यूकिन-६ ह्या द्रव्याचे जनुक वेगळे केले, आणि प्रतिकारपेशींकडून निघणारे हेच द्रव्य यकृताला सीआरपी निर्माण करण्याचा हुकूम देते, हे लवकरच कळून आले. विषाणू फुप्फुसात खोलवर उतरून तेथील पेशींचा विध्वंस करू लागला आणि प्रतिकारयंत्रणा बेभान झाली, की हा हुकूम मोठ्या प्रमाणात सुटतो आणि दोनएक दिवसांत त्याचा दाखला रक्तात वाचता येतो.

कोविडच्या साथीत नेमके हेच घडले. रोगाचे कारण घशातील नमुन्याने आधीच निश्चित झालेले होते; प्रश्न उरला होता तो इतकाच की, कोणाचा आजार घरी बरा होईल आणि कोणाचा बळावेल. जो साक्षीदार आग लावणाऱ्याचे नाव सांगत नाही म्हणून नव्वद वर्षे दुय्यम मानला गेला, तोच आता उपयोगी पडला, कारण आगीच्या आकाराखेरीज दुसरे काही विचारायचेच नव्हते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत ज्यांना प्राणवायू कमी पडत होता आणि ज्यांचे सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्रॅम वा अधिक होते, अशा ४,११६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटाला इंटरल्यूकिन-६ चा मार्ग रोखणारे टॉसिलिझुमॅब हे औषध नेहमीच्या उपचारांच्या जोडीला मिळाले. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण औषधाच्या गटात ३१ टक्के आणि केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ३५ टक्के भरले. अर्थात हे औषध दिल्यावर यकृताला जाणारा हुकूमच थांबतो, म्हणून त्यापुढे उतरलेल्या सीआरपीवरून रोग हटला असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

दुसरीकडे ह्या आकड्याचा अतिरेकही झाला. लक्षणे किरकोळ असलेल्यांनी रोज रक्त तपासून घ्यावे आणि आकडा थोडा सरकताच औषधांसाठी धाव घ्यावी, असे प्रकार इतके वाढले की, मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संचालकांना सौम्य आजारात अशा तपासण्यांची आवश्यकता नसल्याचे जाहीरपणे सांगावे लागले. शिवाय काही प्रयोगशाळा हे माप लिटरमागे देतात आणि काही डेसिलिटरमागे. पहिल्यातील ७५ म्हणजे दुसऱ्यातील साडेसात, हे न पाहता दोन अहवालांची तुलना करणारा नाहक घाबरतो किंवा नाहक निर्धास्त होतो.

ह्या साक्षीचे खरे वजन किती, ह्याचा चोख हिशेब ब्रिटिश संशोधकांनी सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फोर-सी’ गुणपत्रिकेत मिळतो. रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णाच्या मृत्यूची शक्यता वर्तविण्यासाठी तीत एकूण २१ गुण ठेवले आहेत. त्यांपैकी वयाला कमाल ७ आहेत आणि सीआरपीला, ते लिटरमागे १०० मिलिग्रॅम वा त्याहून कितीही अधिक असले तरी, फक्त २. तितकेच २ गुण, रोग्याच्या उशाशी बसून मिनिटभर त्याचे श्वास मोजणाऱ्यालाही मिळतात.