धूळपाटी ते कुरणशाळा

आपल्या घरातल्या तिसरी-चौथीच्या मुलाची वही एकदा हाती घ्या. 'गाय' हा निबंध तीत सापडेलच. गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते, ती आपल्याला दूध देते. अक्षर वळणदार, शुद्धलेखन बिनचूक, खाली गुरुजींची सही. आता मला सांगा, ही माहिती मुलानं दिली कोणाला? गाईला चार पाय असतात हे ठाऊक नसलेला माणूस आपल्या गावात आहे कोण?

या निबंधाचे मूळ शोधायचे तर पंतोजींच्या शाळेपर्यंत मागे जावे लागते. पेशवाईत कल्याण हे सुभ्याचे ठिकाण होते. कचेरीला कारकून हवे असत, सावकाराच्या पेढीला हिशेबनीस हवे असत. त्या गरजेपुरते लेखन शिकवले जाई. पाटीवर धूळ पसरायची, काडीने अक्षर गिरवायचे, पुसायचे, पुन्हा गिरवायचे. मुळाक्षरे, बाराखडी, पाढे, पावकी-निमकी. मग मोडी, आणि शेवटी पत्रांचे मायने. वडिलांना काय लिहावे, सरकारात काय लिहावे, सगळे ठरलेले. पंतोजींना नावे ठेवण्याचा माझा इरादा नाही. त्यांच्या हाताखालून गेलेला कारकून जमिनीची, धान्याची, वसुलीची नोंद नेमकी ठेवी. पण "बाळ, तुला काय ठाऊक आहे ते लिही," असे मुलाला म्हणण्याचे त्यांना कारणच पडले नाही.

पुढे छापील पुस्तके आली. मुंबईत १८२२ साली शाळापुस्तके तयार करणारी मंडळी स्थापन झाली आणि १८२८ च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' मुलांच्या हाती पडले. ते मुळात फ्रेंच, इंग्रजीतून मराठीत आलेले. मुलाला वाचायला गोष्ट मिळाली ही मोठीच गोष्ट झाली. लिहिणे मात्र पुस्तकातले उतरून काढणे एवढेच राहिले. १८५३ साली देशातली पहिली उतारूंची आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला आली, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. त्या दिवशी रुळांच्या कडेला पोरे उभी असतीलच. घरी येऊन त्यांनी आजीला ते सारे हातवारे करून सांगितलेही असेल. दुसऱ्या दिवशी पंतोजींनी ते पाटीवर लिहायला सांगितले असेल, असे मला तरी वाटत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. पहिल्या महायुद्धात छातीला जखम होऊन परतलेले फ्रेने नावाचे एक फ्रेंच शिक्षक होते. त्यांना फार वेळ बोलवत नसे. १९२० नंतर एका डोंगराळ खेड्यात शिकवताना ते मुलांना गावातून हिंडवून आणीत. मुले पाहिलेले सांगत, ते फळ्यावर लिहिले जाई, आणि एका लहानशा छापयंत्रावर मुले स्वतःच ते छापीत. ते छापलेले कागद त्यांनी दूर समुद्राकडच्या दुसऱ्या शाळेला पाठवले. डोंगरातल्या मुलांचे जगणे त्या शाळेतल्या मुलांना ठाऊक नव्हते. मला या हकिगतीतले छापयंत्र तितकेसे महत्त्वाचे वाटत नाही. लिहिणाऱ्याला खरोखरीचा वाचक मिळाला, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा मांडला. त्यात मातृभाषेची अपेक्षा पाहण्यासारखी आहे: सात वर्षांच्या शिक्षणानंतर मुलाला रोजच्या घडामोडी साध्या, स्पष्ट भाषेत लिहिता याव्यात; गावातल्या सभेचा वृत्तान्त तयार करता यावा. म्हणजे गावाच्या उपयोगाचे लेखन.

पण जे मूल शाळेतच येत नाही, त्याचे काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, आणि पुढे १९५६-५७ च्या सुमारास ते कोसबादच्या टेकडीवर गेले. बोर्डी-कोसबाद तेव्हा ठाणे जिल्ह्यातच. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. वारल्यांची मुले गुरांमागे जात, म्हणून शाळाच कुरणात गेली आणि तिचे नाव कुरणशाळा पडले. अंगणात भरली ती अंगणवाडी. महागडी साधने नव्हती. बिया, पाने, खडे, शिंपले हीच साधने. ज्या वस्तूचे नाव, उपयोग, जागा मुलाला बाईंच्या आधी ठाऊक, तीच वस्तू पुढ्यात. इथे मूल तोंड उघडते. लिहिण्याचा पाया या सांगण्यातच आहे, असे माझे मत आहे.

गुरुजी, मुरबाड-शहापूरकडचे मूल घ्या. "राब कसा भाजतात?" एवढेच विचारा. फांद्या कधी तोडतात, पालापाचोळा आधी की माती आधी, जाळ कोणत्या बाजूने लावतात, भाताचे बी कधी टाकतात. मुलानं क्रम चुकवला तर शेजारचे पोर ओरडेल, "असं नाय, आधी माती!" तो ओरडा झाला की मग पाटी द्या.

मी स्वतः कल्याणजवळच्या एका शाळेत काही वर्षे शिकवले. वर्गात खाडीकाठच्या तबेल्यातला एक मुलगा होता. 'गाय' या निबंधात त्याला नेहमी दहापैकी तीन. दोष माझाच, कारण विषय मीच देत असे. एकदा म्हटले, "तुझ्या तबेल्यातलं सांग, दूध घ्यायला येणाऱ्या माणसाला कळेल असं." त्याने चारच ओळी लिहिल्या. धार काढायच्या आधी म्हशीला आंबोण द्यायचे. रेडकू तिच्याजवळ आणायचे. अनोळखी माणूस बसला तर म्हैस पान्हा चोरते. उन्हाळ्यात तिच्या अंगावर पाणी मारावे लागते. 'चोरते'चा चो त्याने चुकीचा काढला होता.

मी ते वर्गात वाचून दाखवले. डोंबिवलीहून नव्याने आलेल्या, इमारतीत राहणाऱ्या एका मुलीने विचारले, "पान्हा चोरते म्हणजे काय?" मुलगा आधी हसला. मग डोके खाजवले, पाटी परत मागून घेतली आणि पाचवी ओळ लिहायला बसला: म्हशीच्या सडात दूध असते, पण ती सोडत नाही.