आधी ताठ कणा, मग नम्रता

ख्रिस्ती घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना नम्रता शिकवताना गडबड व्याख्येपासूनच सुरू होते. स्वतःला कमी लेखणे, मागे राहणे, कौतुक झाले की ‘छे, मी कुठे काय केले’ म्हणणे, ही नम्रता असे घरीही सांगतात आणि रविवार शाळेतही. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने ही गल्लत होऊ दिली नव्हती. त्याच्या ‘सुम्मा’ ग्रंथात नम्रतेचा विचार संयमाच्या प्रकरणात येतो, तर मोठ्या कार्याची ओढ हा धैर्याशी जोडलेला स्वतंत्र सद्गुण ठरतो. आपल्या मापाबाहेरची हाव नम्रता आवरते. मोठे काही आपल्याला जमणारच नाही ही निराशा दुसरा सद्गुण घालवतो. दोघांत विरोध नाही. म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीच्या खाणवसाहतीतल्या एखाद्या मुलीने ‘आपल्यासारख्यांना वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा कशी जमणार’ म्हणून तयारी सोडली, तर अक्विनास तिला नम्र म्हणणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात या मुद्द्याला आणखी धार आहे. इथे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली. पिढ्यान्‌पिढ्या लादलेली लाचारी झुगारणारी माणसे त्या दिवशी चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, जमली होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचा भूतकाळही त्याच दलित वस्त्यांतला आहे. अशा घरातल्या मुलाला ‘खाली मान घाल’ एवढेच शिकवले, तर ती जातीचीच शिकवण ठरते. तिला फक्त शुभवर्तमानाचे वेष्टन चढते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग येतो. पण त्याआधी लेखक एक गोष्ट नोंदवतो: आपण पित्याकडून आलो, त्याच्याकडे जाणार आणि सर्व काही आपल्या हाती दिलेले आहे, हे येशूला ठाऊक होते. ते ठाऊक असताना तो जेवणावरून उठला आणि कमरेला रुमाल बांधला. हा क्रम उलटा करता येत नाही.

माजरीहून वर्धेकडे जाताना लागणाऱ्या वरोऱ्यात याचेच बिगरख्रिस्ती उदाहरण सापडते. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना बाबा आमट्यांनी भंगीकाम स्वतः अंगावर घेतले, डोक्यावरून मैला वाहिला. ते जमीनदाराचे पुत्र आणि वकील होते. नाही म्हणण्याची मुभा त्यांना होती. जन्माने त्याच कामाला जुंपलेल्या माणसाला ती नव्हती. त्याच्या कष्टाला नम्रता म्हणणे ही त्याची थट्टा आहे. जिथे नकार देता येतो, तिथेच नम्रतेचा प्रश्न उभा राहतो.

आता फोनकडे वळू. मुलांत नम्रता उरली नाही, याचा सगळा दोष इन्स्टाग्रामच्या माथी मारणे सोपे आहे. पण डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच किशोरवयातल्या ‘काल्पनिक प्रेक्षकां’विषयी लिहिले होते. सगळ्यांचे डोळे आपल्यावरच आहेत, असे या वयात वाटतेच. फोनने एवढेच केले की त्या प्रेक्षकांना खरे केले आणि त्यांचा आकडा पडद्यावर आणला. म्हणून मुलांना ‘आत्मकेंद्री पिढी’ म्हणून झोडपण्यात मला अर्थ दिसत नाही. स्टेटसवर वाढदिवसाचे फलक झळकवणारे त्यांचे काका-मामाच असतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानात लोकांना दिसण्याविषयी दोन आज्ञा पाठोपाठच्या अध्यायांत येतात. पाचव्या अध्यायात तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या म्हटले आहे, सहाव्यात दानधर्म गुप्तपणे करा. फरक हेतूचा आहे: एका जागी लोकांची नजर देवाकडे जाते, दुसऱ्या जागी ती कर्त्यावरच अडते. सेवेचा फोटो टाकावा की नाही, याचे सरसकट उत्तर यातून मिळत नाही. पण फोटोला बंदी असती तरी मी हे काम केले असते का, हा प्रश्न मुलाला स्वतःला विचारता येतो.

खरा धोका मला चर्चच्या आतच दिसतो. युवक सभेत साक्ष देताना मूल लवकर शिकते की आधीचे पाप जितके रंगवून सांगावे तितके ऐकणारे गुंततात. शेवटी ‘मी काहीच नाही, सगळे प्रभूने केले’ म्हटले की टाळ्याही पडतात. वाक्यात ‘मी’ पुसला जातो, व्यासपीठावर मात्र तोच उरतो. असा सराव झालेल्या मुलापेक्षा, ‘हो, गाणे चांगले झाले, मी खूप मेहनत घेतली होती’ असे सरळ सांगून खुर्च्या उचलायला जाणारी मुलगी मला अधिक नम्र वाटते. तिने खरे सांगितले आणि विषय सोडून दिला.

मंडळीच्या चालकांना म्हणून एक विनंती. साक्षीचा वेळ थोडा कमी करा. सतरंज्या घालणे, भांडी घासणे, संडास धुणे ही कामे पाळीने वाटा. पाळकांची मुले आणि खाणीतल्या साहेबांची मुलेही त्या पाळीत असू द्या. कोणते काम कुणाच्या वाट्याला नेहमीच येते, यावर लक्ष ठेवा. आणि त्या वेळी कुणी फोटो काढू नका.