मायना

परवा गावाकडचे एक काका अर्ज घेऊन आले. बांधावरून भाऊबंदकीत वाद आहे, मोजणी हवीय. अर्ज मराठीत, अक्षर माझ्यापेक्षा देखणं. म्हणाले, "भाऊ, एवढं इंग्रजीत करून द्या. इंग्रजीत असलं की साहेब निदान वाचतो तरी."

मी म्हटलं, काका, राज्याचा राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे. मराठी अर्ज चालतो. काका हसले. "चालतो हो, पण पळत नाही."

मंडळी, या वाक्याने मला दोन दिवस झोप लागू दिली नाही. म्हणून हा लांबलचक मजकूर.

पत्र कसं लिहावं हे काही आपल्याला इंग्रजांनी शिकवलेलं नाही. कोणाला काय मायना घालायचा, वडीलधाऱ्याला काय, बरोबरीच्याला काय, याची शिकवण देणारी मेस्तकं आपल्याकडे होती. राजमान्य राजश्री, कृतानेक साष्टांग नमस्कार, विज्ञापना ऐसीजे, आणि शेवटी बहुत काय लिहिणे. इंग्रज आले आणि 'आय बेग टू स्टेट'पासून 'युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट'पर्यंतची नवी घोकंपट्टी सुरू झाली. त्या शेवटच्या ओळीला आपण गुलामीची खूण म्हणतो. पण इंग्रज अधिकारीसुद्धा एकमेकांना हेच लिहायचे! साष्टांग नमस्कार लिहिणारे आपले कारकून तरी कुठे लोटांगण घालत होते? मायना तो मायना.

बदलला तो पत्र वाचणारा. आता तो साताऱ्यात, पुण्यात नव्हता. लंडनला होता.

रंगो बापूजी गुप्ते यांचं नाव ठाण्याच्या वाचकांना तिथल्या चौकामुळे माहीत असेल. 1839 मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करून काशीला धाडलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेला गेले आणि तिथे सुमारे चौदा वर्षं राहिले. नीट वाचा, चौदा. परक्या थंडीत, पैशाची ओढाताण सोसत हा माणूस इंग्रजी शिकला. अर्जांमागून अर्ज केले, निवेदनं छापून वाटली, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत उभं राहून बोलला. 1847 मध्ये इकडे महाराज काशीला वारले. 1848 मध्ये सातारा खालसा झालं. तरी हे तिथेच, दत्तक पुत्राचा हक्क मागत.

पदरात काही पडलं नाही. भाषा कमी पडली म्हणून नव्हे. ज्याने राज्य घेतलं, त्याच्याकडेच ते परत मागायचं होतं.

परत आल्यावर 1857 च्या धामधुमीत त्यांनी साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. बेत फुटला. मुलगा सीताराम फासावर गेला. रंगो बापूजी निसटले ते कायमचे, इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर आख्खं पुस्तक लिहिलंय, मिळालं तर जरूर वाचा.

दुसरा कागद जोतीराव फुल्यांचा. ऑक्टोबर 1882, हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन, इंग्रजीत. जोतीराव मिशनऱ्यांच्या शाळेत इंग्रजी शिकलेले. या निवेदनात आधी आपला शाळा चालवण्याचा अनुभव सांगितला, मग मुद्दा: सारा भरतो रयत, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गासाठी. मग मागणी: निदान 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मुलांना काय शिकवावं, तेही लिहिलं: मोडी, बालबोध, हिशेब, शेतीची माहिती. त्या सरकारने सक्ती केली नाहीच. आपण मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला तो 2009 मध्ये.

पण अर्ज कसा लिहावा, हे मला विचाराल तर मी त्या निवेदनाकडे बोट दाखवीन. मी कोण, तक्रार काय, मागणी काय. आमच्या पत्रकारितेच्या पदविकेत हे कुणी शिकवलं नव्हतं, हो.

तर काकांचा अर्ज मराठीतच ठेवला. वरच्या चार ओळींचं आर्जव काढलं, गट नंबर आणि मोजणी फी भरल्याची तारीख वर आणली. दोन प्रती काढल्या, एकीवर शिक्क्यासह पोच घ्यायची. तीस दिवसांत हालचाल नाही तर माहिती अधिकारात अर्ज, तोही मराठीत. 2005 च्या कायद्यातच तशी मुभा आहे.

काकांनी विचारलं, "खाली 'आपला आज्ञाधारक' लिहू ना?"

म्हटलं, 'आपला विश्वासू' लिहा.

सोमवारी पोच घ्यायला दोघं जातोय.